सराईच्या कमानीत हलू नका

मी आयुष्यात कुणाचा सर्वांत जास्त ऋणी असेन, तर तो उदगीरच्या स्टुडिओवाल्या चाचांचा. ओस पडलेल्या इमारतीचा फोटो काढतानाही ते तिला अदबीने बजावायचे, "हलू नका."

गावाहून शिकायला आलो तेव्हा मी त्यांच्या स्टुडिओवरच्या खोलीत राहत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लग्नसराई संपली की चाचा कॅमेरा घेऊन जुन्या इमारतींकडे निघत, आणि सुटी असली की मीही सोबत जाई. एकदा मला हसू आवरलं नाही. म्हटलं, चाचा, इमारत कुठं हलते?

"हलत न्हाई असं कोण सांगितलं तुला, बेटा? किल्लारीला जाऊन इचार."

परतताना त्यांनी सांगितलं. भूकंपानंतर तिकडची माणसं आपापल्या लग्नाच्या फोटोंच्या प्रती मागायला यायची. एका बाईने नवरा-नवरी सोडून त्यांच्यामागे दिसणाऱ्या, आता पडलेल्या घराच्या दारावर बोट ठेवलं. म्हणाली, "एवढंच मोठं करून द्या." तेव्हापासून चाचा दारं, भिंती, कमानी टिपू लागले.

त्यांची एक अट होती. त्या जागेत कधीकाळी वावरलेलं माणूस सापडल्याशिवाय फोटो काढायचा नाही. मग लग्नघरासारखा उंबरा झाडायचा आणि त्या माणसाला दारात उभं करायचं. जुन्या मोंढ्याच्या बाजारामागे एक दगडी सराई होती. माल विकायला आलेले शेतकरी पूर्वी तिथं मुक्कामाला उतरत. तिच्यासाठी चाचांनी एका म्हाताऱ्याला त्याच्या वाडीवरून फटफटीवर बसवून आणलं. म्हातारा कुरकुरत होता, माझ्या थोबाडाचा काय फोटो काढायलाव, कमान काढा की.

"मामा, नुसत्या दगडाला वारस नसतंय," चाचा म्हणाले. "तुम्ही उभं ऱ्हायलाव तर लोक तिला ओळख देतेत."

मला ही त्यांची हौस वाटायची. पुढे मी इंजिनिअर होऊन पालिकेत लागलो आणि तीच सराई पाडून दुकानं बांधायचा विषय बैठकीत आला. भिंती भक्कम आहेत असा अहवाल मी दिला होता, पण तो कुणी उघडला नव्हता. मग मी चाचांनी काढलेला, कमानीत उभ्या त्या म्हाताऱ्याचा फोटो टेबलावर ठेवला. पाडण्यासाठी सर्वांत जास्त भांडणारे एक सदस्य तो डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. "हे तर आमच्या भावकीतले. माझा आज्जा बी यांच्यासंगंच उतरायचा इथं." फोटो हातोहात फिरला. एकेकाला आपापला आज्जा आठवू लागला. दुकानांचा विषय मागे पडला आणि सराईत वाचनालय करायचं ठरलं.

चाचा तोवर स्टुडिओ बंद करून नांदेडला लेकीकडे राहायला गेले होते. फोनवर ही बातमी ऐकून ते म्हणाले, "कमानीला रंग फासू नका म्हणावं."

काम पूर्ण झालं तेव्हा मी त्यांना पत्र पाठवलं:

चाचा, सलाम.
सराई तयार झाली. दगडाला रंग लागू दिला नाही. आत अभ्यासाला पोरं-पोरी बसतील. त्यांतही कुणी आपल्या घरातलं पहिलंच असेल. भिंतीवर तुमचे सगळे फोटो लावलेत, पण तुम्ही एकातही नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुम्हाला न्यायला नांदेडला येतो. उंबरा मी स्वतः झाडून ठेवीन. तुम्ही कमानीत उभे राहा. कॅमेरा माझ्या हातात असेल.
हलू नका.
तुमचा,
वरच्या खोलीतला