एका प्रेक्षकाचा प्रयोग

नाटकाचे पास मला नेहमी दोन यायचे. समीक्षक एकटा येत नाही, असं आयोजक धरून चालतात. वडील गेल्यावर दुसऱ्या पासवर आई यायला लागली. त्याआधी ती फारशी कुठे जायची नाही. चौबे कॉलनीतलं घर, गोल बाजारातली खरेदी, नात्यातली लग्नं, एवढंच तिचं रायपूर. आमचं घर इथे कधी आलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण आईचं माहेर भंडाऱ्याकडचं होतं आणि बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली.

मी एका हिंदी दैनिकात नाटक आणि नृत्यावर लिहीत आले आहे. आयुष्यभर हिंदीतच लिहिलं. मराठी घरात बोलायची. म्हणजे आईशी.

नाचाच्या कार्यक्रमात आई पंधराएक मिनिटांत पेंगायची आणि तबला थांबला की दचकून जागी व्हायची. "काहून थांबले?" असं मोठ्यानं विचारायची, पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. नाटकात मात्र ती टक्क जागी. परतताना स्कूटरवर मागे बसून माझ्या कानाशी बोलत राहायची. "तो पोट्टा एवढा रडला, मले काही झालं नाही. पण त्याची माय न जेवता ताट आत घेऊन गेली ना, तेव्हा मीच रडली." मी म्हणायची, अगं, तो प्रसंग दिग्दर्शकानं उगाच लांबवलाय. ती म्हणायची, "लांबवू दे ना. तुले कुठं गाडी पकडायची आहे?" घर येईपर्यंत आमचं वाजलेलं असायचं. सकाळी मी लिहायला बसायची तेव्हा निम्मा लेख त्या भांडणातूनच आलेला असायचा, कधी तिच्या बाजूनं, बहुतेक वेळा माझ्या.

आई गेली आणि त्यानंतरचा पहिला कार्यक्रम एका मुलीच्या भरतनाट्यमचा होता. जावंसं वाटत नव्हतं, पण घरात बसणं त्याहून कठीण होतं. मुलगी चांगली नाचली. तिची आई मला दाराशी गाठून म्हणाली, "मॅडम, ज़रा अच्छा लिखिएगा." मी हो म्हटलं. मग स्कूटर काढली आणि चालू न करता बराच वेळ तशीच धरून उभी राहिले. मुलीचे हात सुरेख होते आणि नजर कुठेच ठरत नव्हती, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. सकाळी लिहायचं नव्हतं, आत्ता सांगायचं होतं.

समीक्षकाचा एकटेपणा लोकांना दिसत नाही. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी गेले की बोलणारी माणसं थांबतात. ज्यांचं मी चांगलं लिहिलेलं असतं ती वाकून नमस्कार करतात. ज्यांचं वाईट लिहिलं त्यांना तेवढ्यात फोन येतो. "आपको कैसा लगा?" असं सगळे विचारतात, पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. नाटकवाल्यांना मी त्यांच्यातली वाटत नाही आणि प्रेक्षकांना मी प्रेक्षक वाटत नाही. आई शेजारी असताना हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मध्ये काही महिने भाची माझ्याकडे राहायला होती, कॉलेजसाठी. मी तिला विचारायची, "येतेस का गं? पास आहे." ती फोनमधून मान वर न करता म्हणायची, "आत्या, आप ही चली जाओ ना." माझं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर कायम हिंदीत. पोरगी प्रेमळ आहे, आल्यावर मला चहा करून द्यायची. नाटक कसं होतं ते मात्र तिनं एकदाही विचारलं नाही. मग तिला मैत्रिणींबरोबर खोली मिळाली.

पेपरातही बदललं. नवीन संपादक माझ्याहून खूप लहान, स्वभावानं चांगला. "दीदी, इतना लंबा अब कौन पढ़ता है?" तो खरोखर चिंतेनं विचारायचा. माझा लेख आधी अर्धा झाला, मग चौकटीत गेला, मग नुसत्या फोटोखाली दोन ओळी उरल्या. मी पूर्ण लिहून पाठवायची, तो कापायचा. दोघंही आपापलं काम करत होतो.

अशात एका हिवाळ्यात राजनांदगावहून एकपात्री नाटक आलं. त्याच दिवशी नव्या रायपुरात क्रिकेटची मॅच होती आणि दुपारपासून सगळं शहर तिकडे वाहत होतं. मी सभागृहात पोचले तेव्हा आयोजक संस्थेचे चार-पाच जण रंगमंचावर दिवा लावत होते. फोटो झाला, हार झाला, आणि ते मागच्या दारानं निघून गेले. मी नेहमीच्या जागेवर, तिसऱ्या रांगेत कडेला बसले. मागे वळून बघितलं. कुणीच नव्हतं. वर प्रकाशाच्या खोलीत एक माणूस होता आणि दाराशी चौकीदार स्टुलावर बसून फोनवर मॅच बघत होता.

पडद्याच्या कडेनं एक बाई बाहेर आली. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, कमरेला पदर खोचलेला. तिनं डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं.

"आप अकेली हो?"

"हव," मी म्हटलं.

"कोई और आएगा?"

"मॅच है आज."

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता माफी मागेल आणि सामान आवरायला लागेल. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. एकट्यानं विनोदी नाटक बघणं ही शिक्षा असते. पण तिनं विचारलं, "आपको जल्दी तो नहीं है?"

"नहीं."

"तो फिर करते हैं," ती म्हणाली आणि आत गेली. दिवे मंद झाले.

नाटक एका लग्नात स्वयंपाक करणाऱ्या बाईचं होतं. जन्मभर शेकडो लग्नांचं जेवण रांधलं, पण एकाही लग्नात तिला नवरा-नवरी दिसले नाहीत, कारण चूल कायम घराच्या मागे. नवरदेव कसा असेल ते ती परत आलेल्या उष्ट्या ताटांवरून ओळखते. हिंदीत मधूनच छत्तीसगढी यायची. पहिल्या विनोदाला मी नेहमीप्रमाणे मनात हसले. रंगमंचावरची बाई थांबली नाही, पण तिचा खांदा किंचित पडला. माझ्या लक्षात आलं, आज सभागृहाचं हसू म्हणजे माझंच हसू. दुसऱ्या विनोदाला मी आवाज काढून हसले. तो एवढ्या मोठ्या जागेत इतका विचित्र घुमला की मलाच लाज वाटली. तिसऱ्यापासून मात्र मला काही ठरवावं लागलं नाही. ती खरंच मजेशीर होती. हातातलं पेन कधी पर्समध्ये गेलं ते कळलं नाही.

नाटकाच्या मधोमध तिनं रंगमंचावर मटाराच्या शेंगांचा ढीग ओतला. खऱ्या शेंगा. "हज़ार आदमी का पुलाव और मैं अकेली!" असं म्हणत ती पुढे आली आणि प्रेक्षकांत शोधल्यासारखी नजर फिरवली. नाटकातली जागाच तशी होती, प्रेक्षकांतल्या एखाद्या बाईला वर बोलवायची. तिची नजर सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून माझ्यावर आली. "आव ना दीदी," ती म्हणाली, "एती आव."

मी मान हलवली. इतक्या वर्षांत मी त्या चार पायऱ्या कधी चढले नव्हते. पुरस्कार द्यायला बोलावलं तरी नाही म्हणायची. रंगमंच त्यांचा, खुर्ची माझी, हे मी पाळत आले होते. तिनं पुन्हा हात केला. मी गेले नसते तर नाटक तिथेच अडकलं असतं. तिला दुसरं कुणी बोलवायला नव्हतंच.

मी वर गेले आणि तिच्यासमोर मांडी घातली. दिवा डोळ्यांवर आला. तिनं माझ्यापुढे परात सरकवली आणि आम्ही शेंगा सोलायला लागलो. तिचं बोलणं चालूच होतं. मी एकदा समोर पाहिलं. अंधारात खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, आणि तिसऱ्या रांगेत कडेला माझी शाल. हे असं ती मघापासून बघत होती आणि तरी बोलत होती.

"घर में खाने वाले कितने हैं, दीदी?" तिनं विचारलं.

हा प्रश्न नाटकातला होता, ते मला कळलं. उत्तर येईल त्यावर तिच्याकडे विनोद तयार असणार.

"मैं अकेली हूँ," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. मग तिनं परातीतून मूठभर दाणे उचलले, वाटीत घातले आणि वाटी माझ्या गुडघ्याशी ठेवली. "तो तेरा पहले निकाल देती हूँ," ती म्हणाली. "हज़ार की पंगत में एक जन का खाना हमेशा छूट जाता है."

मी शेंग सोलत राहिले. ती पुढच्या लग्नाच्या गोष्टीवर गेली.

नाटक संपलं तेव्हा मी खाली परत येऊन टाळ्या वाजवल्या. वरच्या खोलीतल्या माणसानंही वाजवल्या. चौकीदार आत डोकावला आणि त्यानंही दोन-चार वाजवल्या. मग मी तिला भांडी रिक्षात ठेवायला मदत केली. तेव्हा मी कोण ते तिला कळलं.

"समीक्षक? अरे राम! पहले बतातीं तो आपको ऊपर नहीं बुलाती."

"किसको बुलातीं?"

ती मोठ्यानं हसली. मी विचारलं, रिकाम्या खुर्च्यांचं लिहू का. "लिखो ना दीदी," ती म्हणाली. "शरम उनकी है, मेरी काहे की?" एकमेकींचे फोन नंबर घेतले आणि ती स्टेशनकडे गेली.

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. पहिल्यांदाच लेखात 'मी' आली, कारण मला नाटकाबाहेर ठेवून ते नाटक सांगताच येत नव्हतं. संपादकाचा फोन आला. "दीदी, प्रेस नोट आ चुकी है. उसमें तो लिखा है हॉल खचाखच भरा था."

"मी होते तिथे," मी मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दिवा लावतानाचा फोटो छापून आला, खाली ओळ होती की सभागृह खचाखच भरलं होतं. माझा लेख कुठेच नव्हता. जाहिरात आली, संपादक म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच ओशाळा होता. मी लेख त्या नटीला फोनवर वाचून दाखवला. ती शेवटी एवढंच म्हणाली, "किसी ने पहली बार हाथों के बारे में लिखा. सब आवाज़ की ही बात करते हैं."

उन्हाळ्याच्या आधी तिचा राजनांदगावात प्रयोग होता, रविवारी दुपारी. पास नव्हता. मी लोकलनं गेले, नाटकाचं तिकीट काढलं, मागच्या बाजूला जागा मिळाली. शाळेचा हॉल होता आणि माणसं दारापर्यंत उभी होती. तिनं मटार ओतले आणि एका शिक्षिकेला वर बोलावलं. बांगड्या वाजवत ती बाई लगेच गेली, जणू बोलावण्याची वाटच बघत होती.

"घर में खाने वाले कितने हैं, दीदी?"

"सात."

"सात! और चूल्हा एक! तभी तो आप यहाँ बैठी हो!"

हॉल कोसळला. मीही हसले. विनोद चांगला होता आणि तो आधीपासून तयार होता. दुसऱ्या कुणी आणखी कुठला आकडा सांगितला असता तरी चालला असता. वाटी निघाली नाही. म्हणजे माझ्यासाठी काढली ती त्या क्षणी सुचलेली होती. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण शिक्षिका शेंगा सोलत होती आणि मी इतक्या माणसांत बसून तिच्या हातांकडे असूयेनं बघत होते, हेही खरं.

नाटकानंतर तिच्याभोवती गर्दी झाली. तिनं मला पाहिलं, हात वर केला, तेवढ्यात कुणीतरी तिला फोटोसाठी ओढलं. मी जरा वेळ थांबले आणि स्टेशनवर आले.

गाडीत फोनवर लिहिलं. लोक हसले की ती प्रसंग लांबवते, म्हणून उत्तरार्ध सैल पडला. रिकाम्या हॉलमध्ये तो घट्ट होता. हे पेपरला पाठवण्यात अर्थ नव्हता. तिलाच पाठवलं.

उत्तर यायला आठवडा गेला. मी स्वयंपाकघरात असताना फोनवर तिचा बोललेला निरोप आला, मागे भांड्यांचा खडखडाट. "हव दीदी, पढ़ लिया. उत्तरार्ध वाली बात मानती हूँ, काट दूँगी. लेकिन खाली हॉल अच्छा था, ये मत लिखना. आपको अच्छा लगा होगा. मुझे डर लगा था."

मी गॅस बंद केला आणि तो निरोप पुन्हा लावला. मग रिकाम्या हॉलचं ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सोमवारी इथे ओडिसीचा कार्यक्रम आहे, पास आले आहेत, जाईन.