गोणपाटावरचं मीठ

आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही. सासऱ्यांचं आयुष्य उरणच्या मिठागरात गेलं, त्यामुळे मागच्या पडवीत जाड्या मिठाची गोण कायम. मोरीला वास आला, टाक मीठ. गोगलगाय दिसली, टाक मीठ.

मग आमच्या कुत्रीचं झोपायचं गोणपाट रोज सकाळी ओलं सापडू लागलं, तशी मी त्यावरही मीठ टाकलं.

ती आठ वर्षांची. पिल्लं नकोत म्हणून तिचं ऑपरेशन मीच करून आणलं होतं. इतकी वर्षं अंगणातसुद्धा कधी घाण न केलेली, आणि आता झोपून उठली की खाली ओलं. मला शाळेत पोचायची घाई. रोज सकाळी फडकं घेऊन बसायचं म्हणजे डोकं फिरायचं. "खोड लागलीय हिला," मी म्हणायचे.

सासूबाई दारातून म्हणायच्या, "मुद्दाम न्हाय करत गं ती. तिला कलत न्हाय."

"तुम्हीच लाडावून ठेवलीत, आई."

दोनतीन दिवसांत ती गोणपाट सोडून गार लादीवर झोपू लागली. मला वाटलं, आली अक्कल. मी चक्क खूश झाले. लादी पुसायला सोपी पडते, एवढंच माझ्या डोक्यात.

पुढच्या आठवड्यात ती सारखी मागचा भाग चाटत बसू लागली, म्हणून तिला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शेपूट उचलली. मांड्यांच्या आत कातडी सोलून लालभडक झाली होती.

"ऑपरेशन झालेल्या काही माद्यांना पुढे असं होतं," ते म्हणाले. "लघवी धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात. झोपेत गळते, तिला पत्ताही लागत नाही. गोळ्यांनी बहुतेक आटोक्यात येईल. पण ओलीमुळे एवढं सोलवटत नाही. खाली काय घालता तिच्या?"

मी म्हटलं, "गोणपाट." मिठाचं नाव काढायला जीभ रेटेना. मग ते मलम लावू लागले आणि ती कळवळली, तेव्हा सांगून टाकलं. ते मलम लावत राहिले. त्यांनी मला रागवायला हवं होतं.

पाचवीच्या वर्गाला मी वाक्प्रचार शिकवते. जखमेवर मीठ चोळणे, वाक्यात उपयोग करा. इतक्या वर्षांत कितीतरी वह्या तपासल्या असतील. त्या वर्षी तो धडा आला आणि फळ्यावर लिहिताना माझा हात थांबला.

गोळ्या लागू पडल्या. गोणपाट मी जाळलं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची मऊ गोधडी शिवून दिली, मला एका शब्दानं न बोलता. कुत्रीनंही माझ्यावर राग धरला नाही, अजून मी शाळेतून आले की शेपूट हलवत फाटकापर्यंत येते.

फक्त झोपण्याआधी ती गोधडीला एकदा जीभ लावून बघते.