इतवारचा माल

चाकणची खोली सोडली त्या दिवशी माझी बॅग बायकोनं भरली. एरवी गावी निघालो की वैशाली चिवडा बांधून द्यायची, त्या दिवशी फक्त कपडे. पोरगी शाळेत गेली होती. दारात वैशाली म्हणाली, "वर्ध्यात दारूबंदी आहे. सुटली तर तिथंच सुटेल तुमची. पोरीला सुट्ट्या लागेपर्यंत थेंब घेतला नाही, तर आम्ही न्यायला येऊ. नाहीतर तिकडंच राहा." मी मान हलवली. चौदा वर्षांपूर्वी वर्ध्याजवळच्या आंजीहून, माझ्या गावाहून, नोकरीसाठी निघालो होतो, तेव्हा बाबा एसटीच्या खिडकीशी उभे राहून एवढंच म्हणाले होते, "पोचल्यावर फोन करजो."

चाकणच्या कंपनीतल्या मित्रांनो आणि गावातून कधीच न हललेल्या माझ्या आंजीकरांनो, दोघांनाही सांगतो. दारू सोडायला दारूबंदीच्या जिल्ह्यात येणं हा शुद्ध खुळेपणा आहे. तिकडं निदान दुकानापर्यंत जावं लागतं, कुणी ओळखीचं दिसलं तर थोडी लाज वाटते. इथं फोन केला की माणूस दारात हजर. आणि बंदी आहे म्हटल्यावर इथं दारुडा कुणी नाहीच. ना कागदावर, ना घरात, ना बोलण्यात. मग मी कुठं बसायचं?

बसलो बाबांच्या किराणा दुकानात. बाबांनी जन्मात कधी दारूला हात लावला नाही. आल्या आल्या त्यांनी माझा मोबाईल काढून घेतला आणि बटणांचा साधा फोन हातात ठेवला. सकाळी शटर वर गेलं की मी आत. जेवायला मागच्या दारानं घरात, जेवून पुन्हा दुकानात. संडासात जरा वेळ लागला की हाक यायची, "बाबू, काय करून राह्यला?" चाळिशीचा घोडा मी, आणि मला रडू यायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, सुट्टीवर आला का?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणायचे, "तब्येत बरी नाई त्याची." त्यात आम्ही काळा गूळ विकतो. तो कुणी खायला नेत नाही. नेणाऱ्याच्या थैलीला मोहाच्या दारूचा वास असतो. गूळ तोलताना मी श्वास रोखून धरायचो. अशा दोन महिन्यांत जीव नुसता गुदमरून गेला.

चाकणला मी एकदाच एका मीटिंगला गेलो होतो. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात, आपापलं सांगतात. तिथल्या एका काकांनी मला वर्ध्याचा एक नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. एका सकाळी बाबा आंघोळीला गेल्याचं पाहून मी तो लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "या ना. दर इतवारी अकरा वाजता." आणि एका शाळेचा पत्ता सांगितला.

आता निघायचं कसं? बाबांना म्हणालो, "इतवारी मी वर्ध्याले जाऊन ठोकवाल्याकडून माल आणतो." बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं," म्हणाले आणि यादी लिहून दिली. तूरडाळ, साबण, अगरबत्ती.

शाळा सापडली, खोली सापडेना. चहाच्या टपरीवर विचारलं, "मीटिंग कुठं असते?" "कायची मीटिंग?" मी हातातली यादी चाळवू लागलो. टपरीवाल्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मागच्या फाटकाकडे बोट केलं. आत सात-आठ जण लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले. माझी पाळी आली. "मी विनोद. आंजीचा. मी दारुडा आहे." कुणी दचकलं नाही. शेजारच्यानं पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. त्या घोटानं बरं वाटलं.

घरी येऊन म्हणालो, "माल नाई मिळाला." बाबा म्हणाले, "मंग पुढच्या इतवारी पाहजो." असे पाच रविवार गेले. यादी तीच, थैली रिकामी. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं.

सहाव्या रविवारी लवकर पोचलो. म्हटलं, निदान साबण तरी न्यावा, बाबांना शंका नको. ठोकवाल्याच्या दुकानाला कुलूप. शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "इतवारी हे दुकान कधीच उघडं नसते, भाऊ. आजचं नाई, पहिल्यापासून."

माझे बाबा चाळीस वर्षं त्याच दुकानातून माल भरतात.

यादी हातात धरून मी त्या कुलपासमोर उभा राहिलो. डोळे भरून आले, आणि स्वतःचा रागही आला. मग मीटिंगला गेलो. अकराच्या आत पोचलो.

सुटलो असं म्हणणार नाही. मोबाईल अजून बाबांकडेच आहे. काळा गूळ अजून विकतोच, त्यावरून आमचं एकदा वाजलंही. सुट्ट्या लागायला तीन आठवडे आहेत, आणि दिवस कलला की अजून तलफ येते. मला पूर्वी वाटायचं, जिथं थाप मारावी लागत नाही ते घर. आता आमच्या घरात दर रविवारी दोन माणसं मिळून एकच थाप मारतात, आणि मला तेवढ्यावर आठवडा काढता येतो.

आज सकाळी निघताना बाबांनी यादी दिली आणि म्हणाले, "पोचल्यावर फोन करजो." आंजीहून वर्धा ते काय लांब, पण शाळेच्या फाटकातून मी फोन लावला.

"पोचलो, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले. "बस मंग आरामात. दुकान मी पाहतो."