पद्माच्या मांडवातले लाल दोरे

हातातला चहा आधी संपवा बरं, नाहीतर ठसका लागेल. एक छप्पन्न वर्षांची बाई, दोन सुनांची सासू, आणि ती रोज संध्याकाळी शेजारणीच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढत होती. कशासाठी? दुधी भोपळ्यासाठी! आणि ती बाई कोण, हे काय आता माझ्याच तोंडून ऐकायचंय?

पैशांची भिशी सगळीकडे असते. आमच्या बेळगावच्या कॉलनीत बियांची भिशी आहे. आम्ही दहा जणी. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, आणि जिचं नाव निघेल तिला बाकीच्या नऊ जणींनी आपापल्या परसातल्या बियांची एकेक चिमूट द्यायची. तिनं पुढच्या वर्षी एकीच्या दोन चिमटी करून परत द्यायच्या. कल्पना कुणाची? माझी. सुरू कुणी केली? मी. त्यामुळं मुख्य कोण, हा प्रश्न कधी निघालाच नाही. निघू दिला नाही म्हणा!

वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या एळ्ळ अमावास्येला, आम्ही सगळ्या डबे घेऊन येळ्ळूरला माझ्या भावाच्या शेतात जातो. शेतात चरगा टाकून, म्हणजे नैवेद्याचं अन्न चहूकडं शिंपडून झालं, जेवणं झाली, की बांधावर बसून ‘मानाचं बी’ ठरतं. म्हणजे त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं बी. ते पुढच्या वर्षी दहाही घरांत लावायचं आणि जिचं बी, तिच्या नावानं ओळखायचं. पहिल्या वर्षी मान माझ्या वांग्याला. दुसऱ्या वर्षी माझ्या घेवड्याला. तिसऱ्या वर्षी माझ्याच पावट्याला. चौथ्या वर्षासाठी मी हुकमाचा एक्का राखून ठेवला होता, माझ्या माहेरचा गोल दुधी. आई त्याचं बी शेणात थापून भिंतीला चिकटवून ठेवायची. वहिनीनं त्यातल्या शेवटच्या काही बिया मला खरवडून दिल्या होत्या.

आणि मग शेजारच्या घरात पद्मा राहायला आली.

पद्मा बोरगावची. जैनाची लेक, जैनाचीच सून. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. आवाज असा मऊ, की भांडायची सोयच नाही. पहिल्याच भिशीला तिच्या नावाची चिठ्ठी निघाली. मी मोठ्या ऐटीत तिला गोल दुधीच्या चार बिया दिल्या. प्रेमानं नव्हे हो, खोटं कशाला बोलू? आपल्याकडं काय आहे ते नव्या बाईला कळावं म्हणून!

पुढच्या भिशीला ही बाई काय घेऊन यावी? कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या. प्रत्येकीवर बियांचं नाव, एकीकडं मराठीत, एकीकडं कानडीत, आणि वर त्या भाजीचं रंगीत चित्र. आम्ही आजवर वर्तमानपत्राच्या कपट्यात बी बांधून देत होतो.

“आगं बया! किती नीटनेटकं!” आमची मालू वहिनी ओरडली. मालू वहिनी म्हणजे आमच्या भिशीचा लाऊडस्पीकर. “पद्माक्का, मलाबी शिकवा की ओ!”

पद्माक्का! दुसऱ्याच महिन्यात! मला ‘आक्का’ व्हायला इथं सव्वीस वर्षं लागली.

पाऊस सरला तसा तिच्या मांडवाला लांब दुधी लागला. हातभर लांब, कोवळा, पोपटी. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. माझा गोल दुधी अजून फुलांवरच होता. मी बाहेर आले की लोक मला विचारायचे, “शेजारच्या बाईंनी खत कुठलं घातलंय ओ?” मी म्हणायची, “मला काय म्हाईत?” आणि दार लावून घ्यायची. खरं सांगते, त्या दिवसांत मला दुधीची भाजी घशाखाली उतरत नव्हती.

अशातच एका संध्याकाळी मी धुण्याच्या दगडावर उभी राहून सहज भिंतीपलीकडं बघत होते. सहज म्हणजे रोजच्यासारखं सहज. पद्मा मांडवाच्या पार टोकाला, एका वेगळ्याच वेलापाशी होती. दुधीचं फूल पांढरं असतं आणि दिवस कलताना उमलतं, हे तुम्हाला माहीत असेल. तिनं एक फूल खुडलं, दुसऱ्या फुलावरून ओवाळल्यासारखं फिरवलं आणि मग त्या दुसऱ्या फुलाच्या पाकळ्या मिटून त्याचं तोंड लाल दोऱ्यानं बांधलं! असं एकामागून एक. पाच-सहा फुलं.

“काय चाललंय गं पद्मा?” मी विचारलं.

ती दचकली. “काय न्हाई ओ आक्का. असंच. मागनं सांगते तुमाला.” आणि हसली.

मागनं? म्हणजे गुपित! मी नीट निरखून बघितलं. त्या फुलांच्या खाली जे इवलेसे दुधी धरत होते ना, ते गोल होते. गोल! हिचा दुधी तर लांब! मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बाई दोरा बांधून, मंत्र म्हणून, लांबाचा गोल करतीय. माझा मान पळवायला!

आता म्हणाल, चार बिया तूच दिल्या होत्यास, त्या कशा विसरलीस? अहो, जळणाऱ्या माणसाला इतकं आठवत असतं, तर तो जळला असता का?

मी बेत केला. ती माणसं दिवस मावळायच्या आत जेवतात, हे मला माहीत होतं. सहाच्या सुमाराला पद्मा, तिचा नवरा, पोरं, सगळी ताटावर. अंगणात चिटपाखरू नाही. मी दगडावर चढले, दगडावरून भिंतीवर, भिंतीवरून तिच्या कर्दळीत. प्रत्येक फुलाचा दोरा सोडला, तोंड मोकळं केलं. तिला संशय नको म्हणून तोच दोरा खाली देठाला गुंडाळून ठेवला. सकाळी बघेल तर वाटेल, घसरला असेल. परत भिंत. परत दगड. घरी येऊन तासभर कमरेला शेक.

एक दिवस नाही हो, चांगले वीस-बावीस दिवस! कधी पाऊस, कधी आमच्या घरी पाहुणे. पण सहा वाजले की माझा पाय घरात ठरायचा नाही.

आणि इतक्यावर थांबले असते तर ती मी कसली? त्या दोऱ्यात काहीतरी आहे, हे तर दिसत होतंच. मग मी पूजेच्या सामानातला लाल दोरा काढला आणि माझ्या वेलावरची झाडून सगळी फुलं करकचून बांधली. ओवाळायचं तेवढं सोडून दिलं. म्हटलं, ते त्यांच्यातलं काहीतरी धार्मिक असेल.

चौथ्या दिवशी आमचे हे परसात गेले आणि तिथूनच ओरडले, “सुमन, ह्या फुलास्नी फाशी कुणी दिलीया गं?”

सगळी फुलं वाळून गळालेली. नवी आली, ती बांधली. तीही गळाली. वेल असा परसभर पसरलेला आणि दुधी? एक नाही! बोटाएवढासुद्धा नाही.

अमावास्येला मी येळ्ळूरच्या बांधावर रिकाम्या हातानं बसले होते. माझ्याच भावाचं शेत, माझीच भिशी, आणि माझ्यापुढं ठेवायला एक बी नाही. पद्मा उठली. तिच्या हातात एक वाळलेला, खुळखुळणारा दुधी होता. गोल. मला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं.

“हे बी माझं न्हाई,” ती म्हणाली. “आक्कांचं हाय. मी नवी आलते तवा त्यांनी मला माहेरचं बी दिलं. माझा लांबडा येल बाजूलाच हुता. ह्याचं वारं त्याला लागलं, पाखरू हिकडनं तिकडं गेलं, तर बियाची जात बिघडती. म्हणून रोज हातानं त्याच येलाचं परागकण लावून फुलांची तोंडं बांधली मी. आक्कांना अमावास्येला द्यायचं, म्हणून आदी बोलले न्हाई.”

टाळ्या! मानाचं बी, सुमनआक्कांचा येळ्ळूरचा गोल दुधी. माझ्या भावजयीनं डोळ्याला पदर लावला. मी हार घालून घेतला. माझ्या माहेरी सगळ्या गल्लीत एकाच जातीचा दुधी असायचा, कुणी कधी फूल बांधलं नाही, मला काय ठाऊक तोंड कशाला बांधतात? पण आता ठाऊक झालं होतं. पद्मा जे रोज बांधत होती, ते मी रोज सोडत होते. जात तर बिघडली असणार. सांगायला नको होतं का? होतं! पण गळ्यात हार असताना बोलणं जरा अवघड जातं.

मी म्हटलं, होईल काहीतरी बरं. पुढच्या जूनमध्ये दहा घरांत ते बी पेरलं गेलं.

पावसाळा संपताना फळं धरली. अहो, फळं कसली? मालू वहिनीकडचा दुधी गदेसारखा. चौथ्या घरातला मध्येच कंबर काढलेला. एकीकडं मान लांब आणि पोट गोल, तर एकीकडं पोट वर आणि मान खाली. दहा घरांत दहा तऱ्हा, आणि सगळ्यांचं नाव एकच, ‘सुमनआक्कांचा दुधी’. भाजीवालीसुद्धा दारावरून जाताना विचारायला लागली, “आक्का, तुमचं ह्ये भोपळं असं का ओ?”

त्या महिन्याची भिशी नेमकी पद्माच्या घरी. प्रत्येकीनं आपापला दुधी साक्षीदारासारखा आणलेला. सगळे तिच्या व्हरांड्यात ओळीनं मांडले. मालू वहिनीनं कंबरेवर हात ठेवले.

“पद्माक्का, तुमी तर म्हणलासा, एकबी फूल उघडं सोडलं न्हाई. मग ह्ये काय झालं?”

पद्माचे डोळे भरले. “माझीच चूक. कुठंतरी दोरा ढिला ऱ्हायला असंल. आक्कांच्या माहेरचं बी मी घालवलं. मी भिशी सोडते.”

ऐकलंत? भिशी सोडते! दोन वर्षं मी देवापुढं दुसरं काय मागत होते? खरंच सांगते, चहाचे दोन घोट मला अमृतासारखे लागले. तिसरा घोट घेताना ती माझ्यापुढं बशी ठेवायला वाकली आणि हळूच म्हणाली, “आक्का, नव्या घरात पयल्यांदा तुमीच मला काईतरी दिलंतासा. आन् मी असं केलं.”

तिसरा घोट कडू लागला. मी कप खाली ठेवला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. दगड, भिंत, कर्दळ, दोरे, सगळं. “मी जळत हुते तुज्यावर,” म्हटलं, “पार कोळसा झालते.”

आता शिव्या पडणार म्हणून मी डोळे मिटले.

“आगं बाई, बाई, बाई!” मालू वहिनीनं दोन्ही हात गालांना लावले. “काय ह्ये मन म्हणायचं! पद्माक्काची चूक आपल्या अंगावर घेत्यात बघा!”

“न्हाई गं! खरंच मी!”

“आक्का, ऱ्हाऊ द्या. तुमी, आन् भिंतीवर? तुमाला रिक्षात चढवायला दोघी लागत्यात!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पद्मा तर माझ्या पायाच पडली. जन्मात एकदा खरं बोलायला गेले, तर बायका मला देवी करायला निघाल्या! आणि पद्मा अजून रडतच होती, चूक आपलीच म्हणून. मला राहवेना. मी पदर खोचला.

“चला,” म्हटलं. “दावतेच.”

दहा जणींची वरात अंगणात. मी कर्दळीत पाय रोवला, भिंतीला हात लावला, एक पाय वर टाकला. सांजावलेल्या अंगणात रोज जमत होतं हो! पण भर दुपारी, नऊ बायकांसमोर, पैठणी नेसून? एक पाय माझ्या हद्दीत, एक पाय पद्माच्या हद्दीत, आणि मध्ये मी. ना इकडं, ना तिकडं.

“बघा,” मालू वहिनी म्हणाली, “न्हाई जमत. खोटं बोलायचंबी ठावं न्हाई बिचारीला.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. खिडकीत पद्माच्या आजेसासूबाई, नव्वदीच्या घरातल्या. सगळं घर संध्याकाळी जेवायला बसतं, पण ह्यांचं व्रत आहे. त्या दिवसातून एकदाच, दुपारी जेवतात. संध्याकाळी जपमाळ घेऊन त्या खिडकीत बसतात. हे मला कुणी सांगितलं होतं का?

“काय गं पद्मा,” आजींनी वरून विचारलं, “आज कामवाली लवकर आली वाटतं?”

“कुठली कामवाली, आज्जी?”

“ही न्हवं का भिंतीवरची! मागल्या साली रोज तिन्हीसांजेला यायची. येलाचं दोरं सोडायची, गुमान जायची. बाई लई चांगली मिळालती गं तुला. पाऊस न्हाई, पाणी न्हाई, एक दिवस खाडा न्हाई तिचा.”

नऊ माना माझ्याकडं वळल्या. आजींनी चष्मा पुसला, माझ्याकडं पुन्हा एकदा बघितलं आणि त्यांना माझी दया आली.

“पर तिला फाटकातनं यायला सांग की गं. लई कण्हती चढताना.”

तेव्हापासून मी फाटकातून जाते. रोज सहाला, दोरे बांधायला.