महाराज जे म्हणालेच नव्हते

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंदिरातल्या कोणाला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. ओळखत असता तर तुमच्यासमोरही मी भाव खाल्ला असता.

पांढुर्ण्यात आमच्या जैन समाजातले लोक मला गणधर म्हणतात. सुरुवातीला थट्टेने म्हणायचे, मग सवयीने, आणि आता तर लहान मुलांना वाटतं हेच माझं खरं नाव. माझं कापडाचं दुकान आहे, पण माझी खरी दौलत म्हणजे माझा आवाज. मी मंदिरात आरती धरली की जाम नदीपलीकडे सावरगावात ऐकू जाते, असं लोक म्हणतात. मला ते काही खोटं वाटत नाही.

गणधर म्हणजे काय ते आधी सांगतो — मला ते सांगायला फार आवडतं. गणधर म्हणजे तीर्थंकरांचा पट्टशिष्य. भगवान महावीरांना केवलज्ञान झालं, समवसरण, म्हणजे त्यांची धर्मसभा, सजलं, देव, माणसं, जनावरं सगळी येऊन बसली — आणि वाणी काही सुटेना. दोन महिन्यांहून जास्त काळ सगळी सभा नुसती बसून. का? तर ती वाणी झेलणारा कोणी नव्हता. मग इंद्रभूती गौतम आले. आले ते वाद घालायला. मोठे गर्विष्ठ पंडित. दाराशी मानस्तंभ, म्हणजे मान उतरवणारा तो उंच खांब, दिसला आणि सगळा गर्व गळून गेला. ते समोर बसले तेव्हा कुठे भगवंतांची वाणी प्रकटली. गौतमांनी ती ऐकली, नीट लावली आणि जगाला दिली. म्हणजे बघा, खुद्द तीर्थंकरही ऐकणाऱ्यासाठी थांबले. आणि गणधराचं काम काय? मिळालं तसं पुढे द्यायचं. पदरचं एक अक्षर त्यात घालायचं नाही. दिवाळीच्या संध्याकाळी गौतम गणधरांची पूजा असते, तेव्हा हे सगळं मीच समजावून सांगतो, आणि फार छान सांगतो. माझ्यासारखं सांगणारा या भागात दुसरा नाही.

आमच्या मंदिराला मानस्तंभ नाही. जागाच नाही. त्यामुळे माझा गर्व गळायची सोय कुठेच झाली नाही.

आता मुद्द्यावर येतो — येतोय, जरा दमाने घ्या.

बरीच वर्षं झाली. एका वयोवृद्ध मुनिमहाराजांचा चातुर्मास आमच्या गावात झाला. तपस्वी माणूस, पण आवाज पार गेलेला. ओठांशी कान नेला तरच शब्द कळायचे. त्यांना स्वतःलाही कमी ऐकू यायचं, मराठी कळत नसे, आणि माइक तर ते जवळ येऊ देत नसत. मग लोकांचे प्रश्न त्यांच्या कानाशी न्यायचे आणि त्यांचं उत्तर सभेला मोठ्याने सांगायचं, हे काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाकडे येणार होतं? तेव्हापासूनच मी गणधर. आणि मी ते काम चोख केलं. शब्द नीट कळला नाही तर पुन्हा विचारायचो, पण अंदाजाने काही ठोकून दिलं नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. एक उत्तर सोडून.

ते उत्तर माझ्या वहिनीचं होतं.

शोभावहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती आमच्याकडेच राहिली. माझी बायको सौंसरला शाळेत शिकवायची, रोज जाऊन-येऊन. मुलं लहान. आई अंथरुणाला खिळलेली. घर वहिनीवर चालायचं, आणि ते चालतं आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे, इतकं ते सुरळीत चालायचं. पहाटे उठून पाणी गाळायची, आईला पुसून काढायची, मुलांचे डबे भरायची, आणि या सगळ्यातून वेळ काढून शास्त्र वाचायची. वाचायची म्हणजे माझ्यासारखं लोकांना सांगायला नाही. स्वतःसाठी.

त्या चातुर्मासात तिने ठरवलं की महाराजांच्या संघातल्या साध्वी माताजींबरोबर निघून जायचं. आधी ब्रह्मचारिणी, पुढे दीक्षा. माताजी म्हणाल्या, महाराजांची आज्ञा आण, मग चल. एका दुपारी ती माझ्याबरोबर आली. रीतीप्रमाणे महाराजांपासून लांब बसली. तिथून त्यांचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"भाऊजी, मले एवढंच विचारून द्या," ती म्हणाली. "मी येऊ का संघात?"

मी विचारलं. तिथवर मी खरा होतो. महाराजांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि माझ्या कानाशी म्हणाले, "योग्यता पूरी है. देर मत करना."

आणि मी — मी वळलो आणि माझ्या त्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "महाराज म्हणतात, आत्ता नाही. घरात राहूनच साधना कर."

महाराजांनी मोरपिसांची पिच्छी उचलून तिला आशीर्वाद दिला. त्यांना वाटलं, ही आपल्याबरोबर येणार. तिला वाटलं, आपल्याला राहायला सांगितलं. तिने डोकं टेकलं.

कशासाठी केलं मी हे? अंथरुणावरची आई पुढे करता येईल, लहान मुलं पुढे करता येतील. खूप वर्षं मी स्वतःशी तेच करत होतो. पण खरं सांगू? त्या क्षणी मला आई आठवलीच नाही. मला एवढंच जाणवलं की सगळा चातुर्मास या माणसाच्या ओठांशी कान लावून मी बसलो आणि मला त्यांनी 'योग्यता आहे' असं एकदाही म्हटलं नाही. आणि ही — चुलीपुढची बाई — लांब बसली आणि एका नजरेत पूर्ण ठरली. मी जळलो. सरळ शब्द हाच आहे. आई, मुलं, गरम फुलके, हे सगळं नंतर आठवलं, आणि सोयीचं होतं म्हणून धरून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, तिने पुन्हा का नाही विचारलं? दुसऱ्या कोणाकडून खात्री का नाही करून घेतली? आमच्यात गुरूची आज्ञा दोनदा विचारत नाहीत. माताजींनीही विचारली नाही. माझी चोरी निभावली ती त्यांच्या श्रद्धेच्या जोरावर, माझ्या हुशारीवर नाही.

सुधारायची संधी मिळाली होती, हेही सांगून टाकतो. चातुर्मास संपल्यावर महाराजांचा विहार सौंसरवरून पुढे निघाला. मी रामाकोन्यापर्यंत पायी गेलो. तिथे विश्रांतीला थांबले असताना त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, ती बाई का आली नाही? वहिनी तेव्हा पांढुर्ण्यात आईजवळ होती. एका वाक्याचं काम होतं. मी त्यांच्या कानात सांगितलं की तिचं मन बदललं. महाराजांनी डोळे मिटले. त्यांना वाईट वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं, आणि तरी मी परत फिरलो. पुढे त्यांची समाधी झाली. आता त्यांना विचारायची सोय राहिली नाही, आणि ती बातमी ऐकून मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं.

वहिनीने ती आज्ञा अक्षरशः पाळली. एकवेळचं जेवण, व्रतं, उपवास, सगळं आमच्या घरात राहून. आई गेली, मुलं शिकून नागपूरला गेली, तरी ती थांबलेली. का थांबलीस, असं कोणी विचारलं की सांगायची, महाराजांनी सांगितलं आहे. दर वर्षी क्षमावाणीला आम्ही सगळे एकमेकांना हात जोडतो, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणून. मीही तिच्यापुढे हात जोडत आलो. कापडाच्या धंद्यातला माणूस, क्षमाही ठोकमध्ये मागत आलो. तिने दर वर्षी केली.

गेल्या चातुर्मासात सौंसरला एक तरुण महाराज होते. आवाज स्वच्छ, मधे कोणाची गरज नाही. वहिनीला मी गाडीने घेऊन गेलो. आता तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. तिने भर सभेत स्वतःच विचारलं, मला आता तरी येता येईल का? महाराज हळहळून म्हणाले की आता शरीर साथ देणार नाही, अम्मा, आधी का नाही आलात?

"आज्ञा नव्हती, महाराज," ती म्हणाली. "मोठ्या महाराजांनंच थांबवलं होतं. हे आमचे भाऊजी हायेत ना, यायनंच ऐकलं होतं."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. अभिमान होता. सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. महाराजही.

मी हात जोडले आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "होय महाराज, तशीच आज्ञा होती."

महाराजांनी सभेला सांगितलं की गुरुवचन पाळावं तर असं. लोकांनी जयजयकार केला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. परतताना गाडीत ती म्हणाली, "तुम्ही होते म्हणून मले महाराजांचा शब्द भेटला, भाऊजी."

पांढुर्णा येईपर्यंत मी गाडी चालवत राहिलो. ती आत्ता खाली स्वयंपाकघरात आहे. तिचे गुडघे गेलेत, पण ऐकू तिला अजून चांगलं येतं. आणि मी तिला सांगितलेलं नाही.