सासरे, मी आणि सोमालियाचं गलबत

आठवी नापास जावयाने सासऱ्यांना दुबई फिरवू नये, असा अमिरातीत कायदा नाही. म्हणून मी फिरवली.

सासरे, म्हणजे आमचे अब्बा, रत्नागिरीहून आले होते ते एकच ठरवायला: नसीमला, म्हणजे माझ्या बायकोला, अजमानच्या एका खोलीत माझ्याजवळ ठेवायचं की परत घेऊन जायचं. काहीतरी भारी दाखवणं भाग होतं! उंच टॉवरच्या तिकिटाचे दिरहम विचारले, मोठ्याने रुपये केले आणि अब्बांना टॉवर खालूनच दाखवला. (मान दुखेपर्यंत.)

मग नेलं जुन्या खाडीवर. तिथे लाकडी गलबतं एकमेकांना खेटून बांधलेली. उभा जन्म मासेमारीच्या मचव्यावर काढलेले अब्बा बघता बघता तरुण झाले! पहिल्या गलबतावर चढले, तिथून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर...

"अब्बा, विचारायला नको?"

"बंदरात बोटीवरून बोटीवर जायला कोण विचारतो? आपल्या मिरकरवाड्यात कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. गेलो मागोमाग. सगळ्यात बाहेरच्या गलबतावर अब्बा फळ्या ठोकून बघत होते, मी फोटो काढत होतो. आणि फोटोतली मागची दुकानं सरकायला लागली!

"भाई, ये किधर जाता है?" मी खलाशाला विचारलं.

"सोमालिया," तो कांद्याच्या गोणीवरून न उठता म्हणाला.

पासपोर्ट अजमानला! मी नसीमला व्हॉइस मेसेज पाठवला, "मी अब्बांना घेऊन सोमालियाला चाललोय. घाबरू नकोस." (रडत मीच होतो.)

तिचा उलट मेसेज आला, "बरं. येताना कोथिंबीर आणा."

एवढ्यात गलबताचा कच्छी नाखवा धावत आला. "अरे हबीबी, रोता क्यूं है? सोमालिया परसों! अभी सिर्फ जगह बदलता है!"

मी अल्लाचे आभार मानतोय तोवर नवीनच गोंधळ. खलाशाने धक्क्याकडे दोर फेकला, चुकला. पुन्हा फेकला, पाण्यात! आणि आमचं गलबत मागच्या मागे शेजारच्या फ्रिज भरलेल्या बोटीवर आदळायला निघालं.

"हट बाजूला!" अब्बांनी दोर हिसकावला, एकदाच फिरवला आणि फेकला. फास थेट धक्क्यावरच्या खुंटाला!

"उस्ताद!" नाखवा ओरडला. सगळे खलाशी टाळ्या वाजवायला लागले. मग आम्हाला डेकवर बसवून सुरमईचं कालवण आणि भात वाढला, सुकाणापासून इंजिनापर्यंत सगळं गलबत दाखवलं, अब्बांना सुकाण धरून फोटोही काढू दिला. खर्च शून्य दिरहम. रुपयांत केले, तरी शून्य!

घरी आल्यावर अब्बांनी तो फोटो नसीमला चारदा दाखवला. मग घसा खाकरला.

"नसीम, तू इथेच राहा."

मी तर हवेतच! म्हटलं, जिंकलो. जावयाची किंमत कळली एकदाची!

"याला एकट्याला सोडून चालायचं नाही," अब्बा म्हणाले. "फोटो काढता काढता कुठल्या देशात पोचेल, सांगता येत नाही!"