गाळलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्या वेळच्या संपादकांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला मध्येच थांबवून प्रश्न विचारू शकत नाही — म्हणजे हेही भित्रेपणाचंच कारण.

मी एका दैनिकात आरोग्याच्या बातम्या करायचो. वाशीतल्या एका सर्जनची मुलाखत घेतली. विषय — यकृत आणि स्वादुपिंडाची ऑपरेशनं दुर्बिणीतून करणं कितपत सुरक्षित? डॉक्टर तोलून बोलणारे होते. हात अनुभवी हवा, रुग्ण नीट निवडलेला हवा, म्हणाले. मग एक वाक्य त्यांनी मला थांबवून लिहून घ्यायला लावलं : गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली दिसली तर आम्ही दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतो, ती हार नव्हे, रुग्णाची सुरक्षितता तीच.

बातमीत ते वाक्य नव्हतं. मीच काढलं. मथळा ठरला होता — ‘पोट न उघडता स्वादुपिंडाचं ऑपरेशन’ — आणि त्या वाक्याने मथळा खोटा पडत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. जागा नव्हती, म्हणालो. जागा होती. त्यांचा दोन कॉलमचा फोटो तीन कॉलमचा करून आम्ही ती भरली. खुलासा छापतो म्हणालो. छापला नाही.

एवढंच असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो, नाही का?

मी नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात भाड्याने राहतो. घरमालक दामूशेठ गावचेच, तळमजल्यावर राहायचे. वर्षभराने त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. माझ्याच बातमीवरून ते त्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर दुर्बिणीतून करायला तयार होते, पण संमतीपत्रावर ओळ होती — गरज पडल्यास पोट उघडण्यास मान्यता. शेठ सही न करताच उठले आणि थेट माझ्या दारात आले. हातात कात्रण.

“पत्रकार, ह्या तुमीच लिवलाय ना? पोट न उघडता! आनि यो मानूस आदीच सही मागतो. म्हनजे याला जमनार नाय, असाच ना?”

मागून जनाकाकी, त्यांची बायको, म्हणाली, “त्यांना काय इचारता? त्यांना सोताचा सिलेंडर लावता येत नाय.”

ती हसली. मीही हसलो.

उत्तर माझ्या वहीत होतं, अवतरणचिन्हांत. पण ते सांगायचं तर बातमीतून कुणी काढलं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, “शेठ, दुसरं मत घ्या.” किती जबाबदार वाटतं ना ऐकायला?

त्यांनी घेतली मतं. ऐरोली, ठाणे, मुंबई. ‘उघडणार नाही’ असं लिहून देणारा डॉक्टर त्यांना हवा होता. तसं कुणी लिहून देईना. महिने गेले. जिन्यात ते रोज भेटायचे — रोज — आणि मी विचारायचो, “काय ठरलं?” शेवटी ते परत वाशीला गेले, तोवर गाठ यकृतात पसरली होती. आता ऑपरेशन करता येणार नाही, डॉक्टर म्हणाले.

शेठ गेले. दिवसकार्य आटोपल्यावर काकीने मला समोर बसवलं.

“खरा सांगा. तुमच्याशी बोलला तवा त्या डॉक्टराने पोट उघडायचा काय सांगितला व्हता?”

“नाही काकी,” मी म्हणालो. “तसं काही बोलले नव्हते.”

सही वेळेवर झाली असती तर शेठ वाचले असते का? माहीत नाही. विचारायला मी डॉक्टरांकडे गेलो नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या बाईंना यकृताच्या ऑपरेशनसाठी कुणी त्याच डॉक्टरांचं नाव सुचवलं. “त्याच्याकं नको,” काकी म्हणाली. “तो लपवतो. पायजे तर यांना इचार.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

त्या दुसरीकडे गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही.